तारा निवडुंगाची घरगुती रुजवण

ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियासचे बी तळहातावर घेतले की उलट्या टोपीची आठवण येते. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर लांबी, गडद तपकिरी चकचकीत रंग, एका बाजूने आत खोलगट. पाण्यात टाकले तर होडीसारखे तरंगते. निवडुंगांच्या कुळात पुष्कळांचे बी खसखशीएवढे किंवा त्याहून बारीक असते, त्या मानाने हे बी दणकट. मोठ्या बियांत शिदोरीही मोठी, म्हणून उगवायला ते वेळ लावत नाही. मार्चच्या सुरुवातीला ओल्या मातीवर ठेवले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी टरफल दुभंगते आणि आतून हिरवट मणी वर येतो. संथ वाढीसाठी ओळखल्या जाणाऱ्या झाडाचे बी मेथीच्या चालीने उगवते, हे पहिल्यांदा पाहताना मला खरे वाटले नव्हते.

तेव्हा या झाडाची घरी पैदास करण्यातली अडचण उगवणीत नाही. ती पुढच्या बारा महिन्यांत आहे. हौसेने बी पेरणाऱ्यांची रोपे बहुधा पहिल्या वर्षातच जातात, आणि जाण्याचे मूळ एका गैरसमजात असते: रोप म्हणजे मोठ्या निवडुंगाचीच छोटी आवृत्ती, तेव्हा त्यालाही ऊन हवे, कोरडी माती हवी, पाणी बेताने हवे. माझ्या मते ही समजूत मुळातच उलटी आहे. का, ते पाहण्यासाठी आधी झाड नीट ओळखावे लागेल.

झाड आणि त्याचा मुलूख

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द आपण सैल हाताने वापरतो. शेताच्या कुंपणाचा साबर, थोर, फड्या निवडुंग सगळे त्यात येतात. त्यातले साबर आणि थोर हे युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातले. खुपसले की पांढरा चीक येतो तो त्यांनाच. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, आणि तो अमेरिकेतून आलेला. कॅक्टसची खूण म्हणजे काटे किंवा केस जिथून फुटतात ती ठिपक्याएवढी लोकरी गादी, तिला अरिओल म्हणतात. तारा निवडुंगाला काटा नसतो, पण या गाद्या ओळीने असतात आणि त्यावरून त्याचे कूळ कळते.

त्याचे घर टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, आणि पलीकडे मेक्सिकोतल्या तामाउलिपास व नुएव्हो लिओन या राज्यांत आहे. चपटा गोल देह, बहुधा आठ फाका, त्यांवर पांढऱ्या लवेचे ठिपके. वरून पाहिले तर समुद्रातला तारामासाच. वैज्ञानिक नावातला ‘ॲस्टेरियास’ त्यावरूनच आला. १८४३ साली कार्विन्स्कीने हे झाड गोळा केले आणि १८४५ साली झुकारिनीने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नंतर ते जवळजवळ ऐंशी वर्षे कुणाला नीट सापडले नाही. १९२३ साली चेक संशोधक आल्बेर्तो फ्रिच याने ते पुन्हा शोधले. इतकी वर्षे ते हरवून राहावे यात नवल नाही. कोरड्या दिवसांत हे झाड आक्रसून जमिनीच्या पातळीला येते, अंगावर धूळ बसते आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

आज त्याच्यावरचे संकट वेगळे आहे. १९९३ पासून अमेरिकेत ते कायद्याने संकटग्रस्त ठरले आहे आणि साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचे नाव आहे, म्हणजे रानातून उपटलेल्या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. संग्राहकांनी ते उपटले, जमिनी नांगरल्या गेल्या, आणि पेयोटे नावाच्या काटे नसलेल्या दुसऱ्या निवडुंगाशी त्याचे इतके साम्य की पेयोटे खोदणाऱ्यांच्या हातूनही ते जाते. म्हणून या झाडाच्या घरगुती पैदाशीला मी निव्वळ छंद मानत नाही. बियांपासून वाढलेले एकेक रोप बाजारात आले तर रानातले एखादे झाड जागेवर राहण्याची शक्यता वाढते. विकत घेताना मूळ आणि बूड पाहावे. सर्वांगाने सारखे, स्वच्छ, बुडाशी कोवळे झाड बहुधा बियांचे असते. वेडेवाकडे, जखमांचे, बुडाशी जाड खरखरीत साल आलेले आणि मुळे तोडलेले झाड कितीही स्वस्त मिळाले तरी नाकारावे.

संथपणा कुठून येतो

इतर झाडे दिवसा रंध्रे उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या बदल्यात भरपूर पाणी गमावतात. निवडुंगाला हा सौदा परवडत नाही. तो रात्री रंध्रे उघडतो, वायू घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमधल्या रिक्तिकांत साठवतो, आणि दिवसा दारे बंद ठेवून त्या साठ्यावर अन्न तयार करतो. या पद्धतीला ‘कॅम’ म्हणतात. तिचा एक सुरुवातीचा धागा आपल्याच देशात सापडला होता. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात असताना पानफुटीचे पान चघळून पाहिले. सकाळी ते आंबट लागले, दुपारपर्यंत बेचव झाले. हे निरीक्षण त्याने लंडनला पत्राने कळवले आणि १८१५ च्या सुमारास ते छापले गेले. पानफुटी अजूनही आपल्या अंगणात आहे. पहाटे आणि संध्याकाळी एकेक पान तोंडात धरून कुणालाही खात्री करता येईल.

आता संथपणाचे गणित पाहा. रात्रभरात किती आम्ल साठेल याला रिक्तिकांची मर्यादा आहे. दुसऱ्या दिवशीचे काम त्या साठ्यापुरतेच. कोठार भरले की बाहेर कितीही वायू असो, आत जागा नाही. त्यात देह गोल, म्हणजे आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, आणि हिरवा भाग तेवढाच. मिळकत थोडी, साठवण मोठी, खर्च जवळजवळ शून्य. त्यामुळे हे झाड मरत नाही, तसेच भरभर वाढतही नाही. जादा खत घालून हा वेग वाढत नाही, देह फक्त फुगतो आणि फाटतो.

इथे रात्रीच्या तापमानाचा मुद्दा येतो, आणि आपल्याकडे तो फारसा बोलला जात नाही. निवडुंगांच्या शरीरक्रियेवर दीर्घकाळ काम केलेले कॅलिफोर्नियाचे पार्क नोबेल यांच्या अभ्यासातून दिसते की रात्री वायू घेण्याचे काम थंड रात्रींतच उत्तम चालते. म्हणून पुण्या-नाशिकच्या गच्चीवर दिवसा ऊन आणि रात्री गारवा असताना जे झाड हसरे दिसते, तेच मुंबईच्या घामट रात्रीत गप्प बसते. मुंबईकराने पाणी वाढवून ही कसर भरून काढायला जाऊ नये. वाढ मंद आहे हे मान्य करावे आणि खिडकीत वारा खेळता ठेवावा.

रोप हे लहान निवडुंग नव्हे

एका साध्या हिशेबाने बरेच उलगडते. गोलाचे पृष्ठफळ भागिले घनफळ म्हणजे सहा भागिले व्यास. दहा सेंटिमीटर व्यासाच्या झाडासाठी हा आकडा दर मिलिमीटरला ०.०६ येतो. दोन मिलिमीटरच्या रोपासाठी तो ३ येतो. म्हणजे पोटातल्या प्रत्येक थेंबामागे रोपाची उघडी कातडी मोठ्या झाडाच्या पन्नासपट आहे. त्यात त्याची कातडी पातळ, मेणाचा थर कोवळा, मूळ बोटाच्या पेराएवढे. मोठे झाड तीन महिने पाण्याविना काढते. हे रोप मेच्या एका दुपारी सुकते.

मग रानात ही रोपे जगतात कशी? बहुतेक जगत नाहीत. जी जगतात ती झुडपांच्या पायाशी. तारा निवडुंगाची रोपे मेस्किटसारख्या काटेरी झाडांच्या आणि खुरट्या झुडपांच्या सावलीत तग धरतात. ॲरिझोनातला उंच सागुआरो निवडुंगही बालपणी पालो वर्डेच्या आडोशाला असतो, आणि तिथेही पहिल्या आठ वर्षांत त्याची उंची चारेक सेंटिमीटरच होते. अशा झुडपाला इंग्रजीत दाई म्हणतात. शब्द अगदी चपखल आहे: ते सावली देते, पडलेल्या पानांची ओल धरून ठेवते, रात्रीची थंडी अडवते, गुरांच्या खुरांपासून वाचवते. घरी बी पेरणाऱ्याने ठरवायचे ते एवढेच की मी वाळवंट व्हायचे की झुडूप. पहिले वर्षभर झुडूपच व्हायचे.

पेरणी

माध्यमापासून सुरुवात करू. आपली काळी माती या कामाला अजिबात चालत नाही. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि कोवळे मूळ तोडते. पोयटाही दाट होतो. मी भट्टीच्या विटांचा चुरा वापरतो. फुटक्या विटा हातोडीने कुटायच्या, आधी गव्हाच्या चाळणीने मोठे खडे काढायचे, मग रव्याच्या चाळणीने धूळ पाडून टाकायची. मधे उरतो तो दोन-तीन मिलिमीटरचा दाणा. वीट सच्छिद्र असल्याने दाणा पोटात पाणी धरतो आणि दोन दाण्यांमध्ये हवा राहते. तीन भाग हा चुरा, एक भाग धुतलेली नदीची वाळू, एक भाग कोकोपीट. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावे.

मग हे मिश्रण निर्जंतुक करायचे. घरात त्यासाठी प्रेशर कुकरइतके चांगले साधन नाही. मिश्रण ओलसर करून डब्यात भरावे, कुकरला शिट्टी आली की आच मंद करून अर्धा तास ठेवावे, आणि झाकण न उघडता थंड होऊ द्यावे. बंद भांड्यात रोप वाढवायचे म्हटल्यावर बुरशी हाच मुख्य शत्रू, आणि ती पहिल्या दिवशीच रोखावी लागते. रोपे बुडाशी पाणचट होऊन कोलमडणे, शेतकरी ज्याला मर म्हणतात, ते एकदा सुरू झाले की आठवड्यात अख्खा ट्रे संपतो. बियांनाही फळाचा गर चिकटलेला नसावा. सौम्य साबणाने धुऊन तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दहा मिनिटे ठेवले की पुरते.

बी मातीत गाडायचे नाही. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून पृष्ठभागावर ठेवून हलके दाबायचे. कुंडीला खालून उकळून थंड केलेले पाणी पाजायचे, माती वरपर्यंत ओली झाली की निथळू द्यायचे, आणि कुंडी झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत किंवा झाकणाच्या पारदर्शक डब्यात बंद करायची. आता पाणी घालायचे नाही, उघडायचे नाही, हात लावायचा नाही. आतल्या भिंतींवर दव धरत राहते, तेच पुन्हा मातीत उतरते. जागा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीतली, जिथे उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. बंद डब्यावर एप्रिलचे ऊन तासभर जरी पडले तरी आत रोपे शिजतात.

पेरावे कधी, यावर मतभेद आहेत. ऑक्टोबरमध्ये पेरणारे पुष्कळ आहेत, कारण हवा सौम्य असते. माझा कौल फेब्रुवारीच्या शेवटाला किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्याला, आणि त्याचे कारण उगवणीशी नाही, डबा उघडण्याशी आहे. दमट डब्यातून कोरड्या हवेत येणे हा रोपाच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा प्रवास. एका वर्षी मी मेच्या मध्यावर झाकण काढले. रोपे अडीच महिन्यांची, टपोरी, आठ फाकांची पुसट आखणीही दिसू लागलेली. सकाळी दहाला काढले, संध्याकाळी पाहिले तर निम्मी लालसर होऊन मातीत दबली होती. आठवड्याने चारच उरली. त्या दिवसांत दख्खनच्या पठारावर दुपारची हवा भाजल्यासारखी कोरडी असते. तेव्हापासून मी मृग बरसेपर्यंत थांबतो. जूनच्या मध्याला बाहेरची हवाच डब्यातल्या हवेसारखी होते. आधी पिशवीला सुईने भोके, चार दिवसांनी थोडे तोंड उघडे, आणखी आठवड्याने पूर्ण उघडी. रोपाला बदल जाणवतसुद्धा नाही. पावसाचे थेंब मात्र अंगावर पडू देऊ नयेत. दमट हवा हवी, मारा नको.

त्यानंतरचे पाणी खालूनच, आणि माती वरून वाळू लागली की. इथून पुढे ओल हळूहळू कमी करत वाफशाकडे न्यायचे. शेतकऱ्याला वाफसा सांगावा लागत नाही: ओल आहे, चिखल नाही, मातीत हवा खेळते आहे. वर्षाच्या रोपाला ओल हवी, दोन वर्षांच्याला वाफसा, आणि चार वर्षांच्या झाडाला हिवाळ्यात चक्क ताण. संत्र्याच्या बागेला बहर धरण्यासाठी देतात तसाच. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडलेले झाड उन्हाळ्याच्या तोंडाला कळ्या धरते.

पहिल्या वर्षाअखेर रोप सुमारे एक सेंटिमीटर होते. तेवढेच. याच टप्प्यावर लोकांना ते खुरटले असे वाटते आणि ते खत द्यायला धावतात. खत द्यायचेच तर नत्र कमी असलेले, पाकिटावर लिहिलेल्याच्या चौथा हिस्सा, महिन्यातून एकदा आणि फक्त वाढीच्या दिवसांत. त्यापेक्षा पिठ्या ढेकणाकडे लक्ष द्यावे. तो फाकांच्या खाचांत बसतोच, शिवाय मुळांवरही वसतो. विनाकारण निस्तेज झालेले रोप उपटून मुळांवर पांढरी भुकटी आहे का ते पाहावे.

कलमाचा मार्ग

फांदी लावून किंवा पिल्ले काढून तारा निवडुंग वाढत नाही. त्याला सहसा पिल्ले फुटतच नाहीत, आणि शेंडा कापून लावला तरी रुजण्याची खात्री नसते. उरते ते कलम. आठवड्या-दोन आठवड्यांचे रोप पेरेस्किऑप्सिस नावाच्या पानवाल्या, काटक्यासारख्या निवडुंगावर बसवले तर त्याची वाढ कित्येक पटींनी होते, कारण खालचा खुंट भरभर पाणी आणि अन्न पुरवतो. महाराष्ट्रात त्याहून सहज मिळणारा खुंट म्हणजे ड्रॅगन फ्रूट. सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात आता त्याच्या बागा आहेत आणि छाटणीच्या फांद्या बांधावर पडलेल्या असतात. नर्सरीत लाल-पिवळ्या टोप्यांचे जे निवडुंग विकतात, तेही याच तिधारी खोडावर चढवलेले असतात. त्या टोप्यांत हरितद्रव्य नाही, खुंटाशिवाय त्या जगूच शकत नाहीत.

कलम करताना पाते स्पिरिटने पुसून घ्यावे. खुंट आडवा कापला की मधोमध ओल्या काचेसारखे एक कडे दिसते, ते वाहिन्यांचे. रोपाच्या कापलेल्या बुडालाही तसेच टाचणीच्या डोक्याएवढे कडे असते. दोन्ही कडी एकमेकांना कुठेतरी छेदली पाहिजेत. अगदी मध्यावर मध्य ठेवला तर लहान कडे मोठ्याच्या पोकळीत पडते आणि जोड धरत नाही, म्हणून रोप किंचित बाजूला सरकवून बसवावे. काप कोरडा पडू नये म्हणून खुंटावर पातळ चकती कापून तशीच ठेवावी आणि रोप तयार झाल्यावर ऐनवेळी ती सरकवून काढावी. आठ-दहा दिवस सावलीत दमट डब्यात.

मला मात्र सगळ्यांवर सरसकट कलम करणे पसंत नाही. कलमी तारा निवडुंग फुगतो, घुमटासारखा उंच होतो, त्याचे जमिनीलगतचे चपटेपण जाते. खुंटाचे आयुष्यही मर्यादित. काही वर्षांत तो सडला की वरचा गोळा काढून पुन्हा रुजवावा लागतो. शिवाय ड्रॅगन फ्रूटला थंडी सोसत नाही, निफाडकडच्या डिसेंबरात तो काळवंडतो. रोपाचे मूळ सडले आणि ते वाचवायचे आहे, किंवा एखादे दुर्मीळ रोप लवकर फुलवून त्याचे बी हवे आहे, एवढ्यापुरतेच कलम मी राखून ठेवतो.

पुन्हा बी

स्वतःच्या मुळांवरचे झाड चौथ्या-पाचव्या वर्षी, तीन-चार सेंटिमीटर व्यासाचे झाले की फुलू लागते. पिवळे फूल, गाभ्यात केशरी-लाल छटा, भर दुपारी उमलते आणि संध्याकाळी मिटते; दोन-तीन दिवस हा क्रम. हे झाड स्वतःच्या परागांनी फळत नाही. एकाच झाडाचे पराग त्याच्या कुक्षीवर पडले तरी बी धरत नाही, आणि एका झाडाचे कलम करून दोन केली तरी ती या कामी एकच मानायची. म्हणून बी हवे असेल तर वेगवेगळ्या बियांपासून वाढलेली निदान दोन झाडे पाहिजेत आणि ती एकाच वेळी फुलली पाहिजेत. पेरतानाच थोडी जास्त रोपे राखण्याचे हेही एक कारण. आमच्या गच्चीवर मधमाश्या येतात, तरी मी जलरंगाचा बारीक ब्रश वापरतो. दुपारी एक-दोनच्या सुमारास परागकोश मोकळे झाले की एकातली भुकटी उचलून दुसऱ्याच्या कुक्षीवर, मग उलट.

फळ लोकरीत दडलेले असते, बोराच्या आठोळीएवढे. महिना-दीड महिन्याने ते बुडाशी फाटते आणि बिया फाकांच्या मधल्या खाचांत सांडतात. मुंग्या येण्याआधी त्या चिमट्याने वेचायच्या, गर धुऊन सावलीत दोन दिवस वाळवायच्या आणि कागदी पाकिटात भरायच्या. प्लॅस्टिकच्या पुडीत ओल राहिली तर बुरशी धरते. पाकिटावर आई कोणती, बाप कोणता आणि वेचल्याची तारीख लिहून ते थंड, कोरड्या जागी ठेवावे. ताजे बी सर्वांत चांगले उगवते, म्हणून ते वर्षानुवर्षे जपण्यात अर्थ नाही. येत्या फेब्रुवारीअखेर ते पेरून टाकावे.